बूर जाणे

नुमानने काउंटरवर बॅनर उलगडला आणि सुनंदा एवढ्या मोठ्याने हसली की शेजारच्या दुकानात कापड मोजणारा माणूस हात थांबवून बघायला लागला. बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत भरदुपारी असं हसणाऱ्या बायका फार नसतात. नुमान लाहोरचा, कामाला चोख आणि स्वभावाने भित्रा. त्याला वाटलं छपाईतच घोळ झाला. "गलत छप गया क्या, बाजी?" नाही रे, सगळं बरोबर आहे, असं सांगत ती ओढणीने डोळे पुसायला लागली. बॅनरवर सर्वांत वर असिरियन लिपीतली तीन ठसठशीत अक्षरं होती. ती तिला वाचता येत नव्हती. त्यांच्याखाली तोच शब्द इंग्रजी अक्षरांत होता, 'बूर'. आणि त्याच्याही खाली, इंग्रजीतच, 'देशोधडीला लागणे: आमच्या डोंगरातला, फक्त आमचा शब्द.' कसली डोंबलाची देशोधडी. हे भूर होतं. आपलं भूर. दोन वर्षांच्या पोराच्या पायात सँडल अडकवताना, त्याने रडू नये म्हणून, आपण जे म्हणतो ते. चल, भूर जायचं. एवढंच. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं, चिऊ बघायची, परत यायचं. त्याचा ह्या लोकांनी बॅनर केला होता, आणि तो आणायला पाठवलं होतं तिलाच.

गाडीत बॅनरची गुंडाळी मावेना. शेवटी मागच्या सीटवरून पुढच्या काचेपर्यंत तिरकी टाकली, तर तिचं एक टोक सुनंदाच्या डाव्या कानाशी आलं, आणि बुदैयाच्या रस्त्याला लागेपर्यंत ते प्रत्येक वळणावर तिला ढोसत राहिलं. जणू विचारत होतं, काय, आता काय करणार? काय करणार म्हणजे. सांगणार. परवा खा ब-निसान, त्यांचं नवं वर्ष; बुदैयातल्या एका बागेत इथली असिरियन, म्हणजे इराकमधली ख्रिस्ती, कुटुंबं जमणार, ती असून असून किती, दोन लांब टेबलांवर मावतील एवढी. त्यांच्या डोक्यावर हा शब्द फडकणार, त्याचे फोटो स्वीडनला, सिडनीला, शिकागोला जाणार. जिथे जिथे ह्यांचे लोक पांगलेत तिथे तिथे एकेक मंडळ आहे आणि सगळी मंडळं मिळून एक शब्दकोश करताहेत, मरायला टेकलेल्या गावांच्या बोलींचा. गावं तर केव्हाच गेली. बोली म्हाताऱ्यांच्या तोंडात उरल्यात, म्हातारे परमुलखात. म्हणून ही पोरं नोकऱ्या सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, फुकट, म्हाताऱ्यांची बोलणी टिपून घेत बसतात. सुनंदाला त्यांचं फार कौतुक होतं. इतकं की आपल्या लोकांच्या मंडळात गणपतीच्या नाटकावरून वाजलं आणि तिने तिकडे जाणं सोडलं, तेव्हा ती ह्यांच्यात आली. मंडळ काय, कुठलंही मंडळ. खुर्च्या सगळीकडे सारख्याच लावाव्या लागतात. ह्यांच्या स्वयंसेवकांच्या यादीत तिच्या नावापुढे 'गाडी' असं लिहिलेलं होतं. ती जात नाही, धर्म नाही, भाषा नाही. ती गाडी.

ह्या मंडळातल्या इलियासची आई शमिराम, जिच्या तोंडून हा शब्द निघाला, ती पूर्वी सुनंदाची शेजारीण. मनामातल्या जुन्या इमारतीत समोरासमोर दारं होती. बगदादमध्ये रोज बॉम्ब फुटायला लागले तेव्हा इलियासने आईला इथे आणलं. तो बँकेत, त्याची बायको शाळेत, म्हातारी एकटी. म्हणजे तेव्हा म्हातारी नव्हती, साठीची होती. आता सुनंदा स्वतःच त्या वाटेवर असल्यामुळे तिला साठीचं माणूस म्हातारं म्हणवत नाही. शमिराम दाराबाहेर पाऊल टाकत नसे. खिडकीला पडदा, पडद्याला चिमटे. लिफ्टचं दार आपटलं की आत काहीतरी पडल्याचा आवाज यायचा. सुनंदाला तेव्हा दातांच्या दवाखान्यात काउंटरची नोकरी लागलेली आणि लेक, निधी, दोन वर्षांची. नवरा, गुरुप्रसाद, म्हणाला, पाळणाघराला देण्यापेक्षा समोर ठेव. कुणी कुणाला ठेवलं हा प्रश्नच आहे. शमिरामला अरबी यायचं, आणि तिचं सुरेत, जी त्यांची घरातली भाषा. सुनंदाला हिंदी, दवाखान्यातलं इंग्रजी, आणि दुकानात पुरेल एवढं अरबी, म्हणजे खलास, मफी, यल्ला; संपलं, नाही, चला. ह्या सगळ्याची खिचडी करून दोघी बोलायच्या आणि नंतर नंतर तीच शिजून एक भाषा झाली. खालतो म्हणजे मावशी, ब्राती म्हणजे माझ्या लेकी. संध्याकाळी सुनंदा कामावरून आली की समोरच्या दारातूनच निधी ओरडायची, आणि सुनंदा, पाय मोडायला आलेले असले तरी, म्हणायची, चला, भूर. मग एक दिवस शमिरामने स्वतःच दारामागचा डगला काढला. किल्ल्या हातात घेऊन निधीच्या मागे उभी राहिली आणि म्हणाली, "बूर?" भ तिच्या तोंडात बसायचा नाही. कितीदा म्हणून दाखवलं, भ, भ, ओठांवर हात ठेवून, वारा कसा येतो बघ, नाही. बूर तर बूर. तिघी समुद्राच्या कडेला जायच्या. त्या बाईला इतक्या महिन्यांनी घराबाहेर काढलं ते ह्या शब्दाने, हे सुनंदाला माहीत होतं. दुसऱ्या कुणाला ते माहीत असायचं कारणच काय?

सिग्नलला थांबल्यावर तिला राहवेना. तिने निधीला फोन लावला. निधी लीड्समध्ये, विद्यापीठात. उचलते तेव्हा मागे नेहमी कुठलंतरी यंत्र चालू असतं. अगं ऐक ना, गंमत झाली, असं सुरू करून सुनंदाने बॅनरची सगळी हकीकत सांगितली, नुमानसकट, आणि शेवटी म्हणाली, म्हणजे बघ, आपलं भूर गं. पलीकडे यंत्र घरघरत राहिलं. "सॉरी आई, भूर इज अ डिश, राइट?" निधीने विचारलं. आवाजात खोट नव्हती, प्रेमाने विचारत होती, एका कानाने ऐकत जेवण उरकत असावी. सुनंदा म्हणाली, हो, डिशच. ठेवते, सिग्नल सुटला. सिग्नल सुटला नव्हता. तिला वाटलं होतं काही शब्द शिकवावे लागत नाहीत, नाळेसारखे येतात. शाळेच्या मुलाखतीत पोरगी अडू नये म्हणून गुरुप्रसादने घरात इंग्रजी सुरू केलं, तेव्हा तिने दोन दिवस कटकट केली आणि मग तीही बोलायला लागली, स्वतःच्या त्या खिळे निघालेल्या इंग्रजीत. ती शाळा मॅट्रिकपर्यंत शिकलेली. पुढचं सगळं वाचून, ऐकून, चुकून शिकली. पोरगी चुकू नये असं वाटलं, त्यात चूक काय. मंडळातल्या शुक्रवारच्या मराठी वर्गाला निधी थोडे दिवस गेली. तिथे तिला काना, मात्रा, वेलांटी शिकवली. भूर तिथे कोण शिकवणार? त्याला अभ्यासक्रमच नाही. आणि इथे हे परके लोक अक्षरं गिरवून त्याला छापताहेत. राग कुणाचा येतोय तेच तिला धड कळेना. ह्या पोरांचा, की निधीचा, की बॅनरच्या ह्या दांडग्या टोकाचा.

इलियासचं घर रस्त्यापासून आत, खजुराच्या बागेला लागून. तो बाहेरच उभा होता, गुंडाळी उतरवून घ्यायला. तो तिला उम्म निधी म्हणतो, निधीची आई; इथली पद्धत ती, पण आज तिला ते टोचलं. अंगणातच तिने सांगितलं. इंग्रजीत, तुटक, पण न थांबता. हा शब्द तुमच्या डोंगरातला नाही. हा माझ्या घरातला आहे. आमच्याकडे लहान मुलांना फिरायला नेताना म्हणतात. खालतो तो माझ्याकडून शिकली. इलियासने गुंडाळी भिंतीला टेकवली, ती घसरली, पुन्हा टेकवली. मग तो हळू आवाजात म्हणाला, मला संशय होताच. स्वीडनमधल्या नाहरिनने आईला विचारलं होतं, गाव सुटलं त्या दिवसाचं सांगा. आणि आई बोलता बोलता म्हणाली, मग आम्ही सगळे बूर गेलो. हा शब्द मी आईच्या तोंडून पूर्वी कधी ऐकलेला नव्हता. पण नाहरिन इतकी खूश झाली. सिडनीच्या एका मुलाने तर मूळही शोधून काढलं, पडीक जमिनीला जुन्या भाषेत असाच काहीसा शब्द आहे म्हणे. शेत पडीक टाकून जाणं, ते बूर. बसतं की नाही? सुनंदा म्हणाली, बसतं, पण ते खोटं आहे. इलियासने मान खाली घातली. त्याचे केस आता पूर्ण पांढरे झालेत हे तिला तेव्हा दिसलं. मग त्याने जे सांगितलं त्याने तिची पंचाईत झाली. गेल्या वर्षी एका म्हाताऱ्याच्या बोलण्यात शेजारच्या कुर्दांचे शब्द निघाले, तर मंडळाने त्याचं सगळंच बाजूला काढलं, भेसळ म्हणून. आईच्या गावची बोलणारी आता आईच एक उरली आहे. "एक शब्द उसना निघाला तर बाकीचे तिचे कोण मानणार, उम्म निधी? तिने वर्षभर बसून सांगितलंय सगळं. तेवढंच राहणार आहे आमचं."

पण माझ्या शब्दाचं काय, हे तर तिच्या ओठांवर होतं. आणि एका शब्दासाठी म्हातारीचं वर्ष पाण्यात घालायला निघालो हे ऐकायला किती हलकट वाटेल तेही तिच्या लक्षात आलं. दोन्ही खरं होतं, म्हणून जास्त चीड आली. ती आत गेली. शमिराम स्वयंपाकघरात स्टुलावर बसून किलेचे वळत होती, नव्या वर्षासाठी, खजूर भरलेल्या पिठाच्या वळ्या. हात थरथरायचे पण वळी सरळ यायची. बस, ब्राती, म्हणाली, आणि काळ्या चहाचा पेला पुढे सरकवला. सुनंदाने पीठ ओढून घेतलं. मग सुनंदाने त्यांच्या त्या खिचडीतच विचारलं, खालतो, तुम्ही त्या मुलीला बूर कशाला सांगितलं? तो तर आपला. निधीचा. शमिरामने वर पाहिलं नाही. ठाऊक आहे की, म्हणाली. मी काय वेडी आहे?

सुनंदाचा हात पिठातच राहिला. शमिराम बोलत गेली, वळी लाटल्यासारखी, हळूहळू पातळ करत. इलियास तेव्हा दोन वर्षांचा होता. रात्री खालच्या गावात आग दिसली होती आणि पहाटे सगळे निघाले. इलियासला तिने पाठीशी बांधलं. तो विचारत होता, कुठे, आये, कुठे? आणि तिने त्याला काहीतरी सांगितलं. काहीतरी गोड, लहान. तिची आई तिला सांगायची ते, तिच्या आईच्या आईचं असेल. तो ऐकून हसला, गप्प झाला, खिंडीपर्यंत झोपला. "तो शब्द मला सापडत नाही, ब्राती. पळणे, हाकलणे, कापणे, जळणे, हे सगळे आहेत. तो एकच गेला. ती पोरगी विचारत होती तेव्हा मी तिथे हात घातला, तर तिथे तुझा बसलेला होता." तिने वळी कापून तुकडे केले. इलियासला विचारलं मी, त्यालाही आठवत नाही. त्याला कसं आठवेल, पाठीवर होता. मग म्हणाली, खोटं सांगितलं का मी? आणि आता तिने सुनंदाकडे पाहिलं, खरंच उत्तर पाहिजे असल्यासारखं. सुनंदाच्या डोक्यात आईचं काहीतरी चमकून गेलं. तिची आई बाळांना झोपवताना एक शब्द म्हणायची, दापोलीकडचा, घरातलाच. तो आता तिला हाक मारूनही येईना. होता हे आठवत होतं. त्याचा आकार आठवत होता, तोंडातली जागा आठवत होती. बस. ती म्हणाली, "चहा गार झाला, खालतो."

बैठकीच्या खोलीत इलियासने लॅपटॉप लावला होता. नाहरिन पडद्यावर आली, पाठीमागे तिच्या खिडकीत बर्फ, गळ्यात मफलर, तिशीचीही नसेल. बॅनर पाहिला आणि तिने दोन्ही हात गालांवर ठेवले. चांगली पोर होती, तेच तर अडचणीचं होतं. शब्दकोशात घ्यायला नियम असा की शब्द दोन तोंडांतून ऐकलेला पाहिजे. आणि आता, ती म्हणाली, दुसरं तोंड सापडलं. इलियासने घरातल्या जुन्या हँडीकॅमच्या सगळ्या टेपा पाठवल्या होत्या; त्यांतल्या एकीत, ईस्टरच्या जेवणात, कॅमेऱ्याच्या मागे कुठेतरी, घरातलं एक लहान मूल बोलतंय. ऐकवते. भांड्यांचा आवाज आला. कुणीतरी अरबीत खुर्ची मागितली. आणि मग, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, ओलं, घाईचं, कपाळाला आठ्या घालून बोलल्यासारखं: "खालतो, भूल! भूल दाऊ! भूल दाऊ ना!"

र ला ल म्हणायची. ज ला द. सुनंदाला एकदम कळलं की तिच्याकडे हा आवाज नाही. एक कॉम्प्युटर होता, तो बसला, आणि त्यातलं सगळं त्याच्याबरोबर गेलं. गुरुप्रसाद म्हणाला होता, फोटो आहेत ना कागदावर. फोटो बोलत नाहीत. भूल. दवाखान्यात ती मराठी रुग्णांना सांगते, भूल देतील हं, दुखणार नाही. घरात तीच भूल म्हणजे चूक. आणि इथे आपली लेक वीसेक वर्षं एका टेपेत समुद्रावर न्या म्हणून हट्ट धरून बसलेली. नाहरिन उत्साहाने सांगत होती की मुलाने शेवटचं अक्षर बदललंय, ते लहानपणी होतंच. पण 'दाऊ' हा जो काही प्रत्यय लावलाय तो अजून कुणाला उलगडलेला नाही, सिडनीचा मुलगा त्याच्यावर काम करतोय. सुनंदाला हसू यायला पाहिजे होतं. इलियास पडद्याकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता. दारात शमिराम, हाताला पीठ.

नाहरिनने विचारलं, नोंदीसाठी मुलाचं नाव कुणाला माहीत आहे का?

"निधी," सुनंदा म्हणाली. "मुलगी आहे. माझी."

मग नाहरिन उजळली. म्हणजे शेजारची मुलगी? भारतीय? आणि तिने आपली बोली उचलली? खालतोकडून? आता वेळ होती. वाक्यही तयार होतं, अंगणात एकदा म्हणून झालेलं, खिळे निघालेलं का असेना, पण उभं राहील असं. उलट आहे, एवढंच म्हणायचं होतं. सुनंदाने शमिरामकडे पाहिलं. ती मान हलवत नव्हती, विनवत नव्हती, नुसती उभी होती, आणि तिच्या बोटांवरून पीठ खाली पडत होतं. ह्यांचा कोश शुद्ध राहिला तर ही बाई त्यातून जाणार, आणि तिच्याबरोबर ती टेपेतली पोरगी, भेसळ म्हणून. आणि ही भेसळ न सांगता ठेवली तर भूर जाणार, बर्फातल्या खिडकीत, दुसऱ्याचं नाव लावून. कुठूनही काहीतरी जाणारच होतं. तिला ह्या सगळ्यांचा, शुद्ध आणि अशुद्ध दोघांचा, मनापासून वैताग आला.

"दोघी रोज जायच्या," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी. एकमेकींना शिकवत." आणि मग, नाहरिनने अजून काही विचारायच्या आत, "हो. खालतोकडून."

नाहरिन टाईप करायला लागली. इलियासने नाकातून लांब श्वास सोडला. सुनंदा म्हणाली, तो तुकडा मला पाठव, आत्ता. अर्थात, नाहरिन म्हणाली, तो तर सगळ्या समाजाचाच आहे. फाईल आली. तिचं नाव होतं: वक्ता दोन, बालक, डोंगरी बोली. सुनंदाने ते नाव बदलायचा प्रयत्न केला, फोनवर ते बदलेना. तसंच तिने लीड्सला पुढे पाठवून दिलं, वर काहीच न लिहिता.

अंगणात इलियास बॅनर खिळ्यांवर चढवून बघत होता, उंची जमतेय का. वाऱ्याने तो पोटात फुगला. सुनंदा गाडीकडे निघाली तेव्हा फोन वाजला. निधीने लिहिलं होतं, हाउ क्यूट, मागे तीन हृदयं. आणि खाली, आई, हे बाळ कोणती भाषा बोलतंय?

ती ते वाचत उन्हात उभी राहिली. मागून चपला फरपटत आल्या. शमिरामने डगला चढवला होता, एवढ्या उकाड्यात, गुंड्या वरखाली लावलेल्या. हाताचं पीठ तसंच, आणि त्याच हातात घराच्या किल्ल्या. तिने गाडीच्या दाराला बोट लावलं.

"बूर?"

इलियास शिडीवरून म्हणाला, यम्मा, ऊन आहे, आता कुठे. दोघींनी तिकडे लक्ष दिलं नाही. सुनंदाने दार उघडलं, म्हातारीला आत बसवलं, डगल्याचं टोक दारात सापडत होतं ते आत खोचलं, आणि पट्टा लावायला वाकली तेव्हा तिच्या ओठांसमोर आपला तळवा धरला.

"भ," ती म्हणाली. "वारा आला पाहिजे, खालतो. भ."

शमिरामने जीव लावून प्रयत्न केला. तळव्याला थोडी ऊब लागली, वेलचीच्या वासाची. वारा काही आला नाही.